घासून लख्ख केलेली चकती

मित्रांनो, मी टायटॅनियमची एक चकती आहे, शर्टाच्या बटणाएवढी. तशी काही फार जुनी नाही, पण कामातून गेले. हसू नका! एवढ्याशा चकतीला कसला आलाय जन्म, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्यावर हाड उगवायचं, हाड!

जळगावच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत सुलक्षणाने मला घडवलं. ती साक्रीकडच्या खेड्यातली शेतकऱ्याची पोर, पीएच.डी. करायला आलेली. तिने मला आम्लात बुडवून वीज सोडली, तेव्हा माझ्या अंगावर बारीक बारीक नळ्या उभ्या राहिल्या. नॅनो नळ्या म्हणतात त्यांना. डोळ्यांना त्या दिसत नाहीत, अंग नुसतं काळपट दिसतं. रूप गेलं म्हणून मी आधी रुसले होते. खरी गंमत नंतर कळली.

पाचोऱ्याचे एक दंतवैद्य उपटलेल्या अक्कलदाढा सुलक्षणाला द्यायचे. त्या दाढांच्या गरातून ती मूलपेशी काढायची. मूलपेशी म्हणजे अजून काही ठरलेलं नाही अशी पेशी. ती हाडाची होईल, चरबीची होईल, नाहीतर तशीच राहील. तिला डोळे नसतात, बिचारी पायाखाली चाचपून ठरवते. माझ्या नळ्यांवर ती ताणून बसायची आणि हाडाची व्हायची, तेही वेगळं औषध न घालता. हाड धरलं की रंग टाकल्यावर लाल ठिपके उठतात. पहिल्यांदा ते उठले तेव्हा सुलक्षणा सूक्ष्मदर्शकापाशीच रडली. तिचे मार्गदर्शक ललित सर म्हणाले, "वा! आता हेच पुन्हा पुन्हा दाखव, मग तुला कोणी अडवत नाही."

दुसऱ्यांदाही ठिपके उठले. तिसरा प्रयोग तेवढा बाकी होता. पण वीज सोडायचं यंत्र जळलं, आणि नळ्यांची चकती मी एकटीच उरले. दिवाळीनंतर तिची पीएच.डी.ची मुदत संपणार होती. तिची सगळी वर्षं माझ्या अंगावर होती म्हणा ना.

मग खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी नांगर, मोटार, शिलाई मशीन, ज्याचं ज्यावर पोट, त्याची पूजा. प्रयोगशाळेतही पाट मांडला. सूक्ष्मदर्शक पुसून ठेवला, झेंडू वाहिले. सुलक्षणाने मलाही डबीतून काढून पाटावर ठेवलं. हळदकुंकू नको, नुसतं फूल बाजूला, एवढी काळजी तिने घेतली. पूजेला तिची आई कमलबाई गावाहून आली होती. लेकीचं काम पहिल्यांदाच बघत होती, किती हरखली होती माउली! सुलक्षणा सरांना बोलवायला गेली. कमलबाई बेसिनपाशी निरांजन घासत होती, चिंच आणि राख घेऊन. तिची नजर माझ्यावर पडली.

अहो, मला ओरडता आलं असतं तर!

सुलक्षणा परत आली तेव्हा मी आरशासारखी झाले होते. आई कौतुकाने म्हणाली, "बठ्ठं कसं लखलख करस, हाईच एकली मयकी व्हती. घशी टाकी मी तिले. देख, आते कशी चमकस!" सगळ्यांत मळकी मी एकटीच दिसले, म्हणून घासून टाकलं तिने.

सुलक्षणाचा चेहरा पांढराफटक पडला. सर काही बोलणार, तोच तिने त्यांना हाताने थांबवलं. मग म्हणाली, "छान चमकस, माय." आरती झाली. पेढे वाटले. आपला पेढा तिने आईच्या हातावर ठेवला, मी पाहिलं.

तरी तिने माझ्यावर पेशी ठेवल्याच. वेडी आशा, दुसरं काय! नळ्याच नाहीत तर पेशींनी चाचपायचं काय? त्या पसरल्या आणि तशाच राहिल्या. रंग टाकला, एकही ठिपका उठला नाही. ललित सर हळूच म्हणाले, "राहू दे आता, सुलक्षणा." मुदत गेली. आता ती धुळ्यात एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना शिकवते. प्रयोगाचं नाव काढत नाही.

मित्रांनो, दुसऱ्याच्या कामाच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारा, एवढं तर मी सांगेनच. पण कमलबाईवर रागवू नका. मी कोण, माझ्या अंगावर काय आहे, हे सुलक्षणाने साऱ्या परीक्षकांना समजावलं होतं. आईला कधीच नाही. तिला काय कळणार, असं सुलक्षणाला वाटलं. घरच्या माणसांना सांगत जा रे बाबांनो, जमेल तसं, पण सांगा.

पूजेतली वस्तू म्हणून कमलबाईने मला मागून घेतलं. आता मी तिच्या देव्हाऱ्यात असते. लेकीचं काम का अडलं, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही. रोज आंघोळ झाली की ती माझ्यापुढे हात जोडते आणि म्हणते, "मनी पोरनं काम होऊ दे, माय."