दोन पिवळे डाग

मित्रांनो, मी एक जुना टॉवेल आहे. लगेच नाक मुरडू नका. एके काळी माझा रंग निळा होता आणि अंगावर मऊ लव होती. आता रंग कुठला, हे माझं मलाच सांगता येत नाही. काठांचे दोरे सुटले आहेत आणि एका कोपऱ्यात दोन पिवळट डाग आहेत, एक मोठा आणि एक नखाएवढा. त्या डागांचीच ही गोष्ट आहे. ती सांगताना मला ओलं झाल्यासारखं वाटतं, आणि टॉवेलाने ओलं व्हायला भ्यावं ही काही बरी गोष्ट नव्हे.

माझा जन्म गिरणीतल्या मागावर झाला. कानठळ्या बसवणाऱ्या खडखडाटात आम्ही सगळे भाऊ एकाच लांबलचक पट्ट्यात विणले गेलो. मग कात्री आली आणि जो तो वेगळा झाला. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने मला विकत घेतलं, आपल्या तान्ह्या मुलीला अंघोळीनंतर गुंडाळायला. "हा पाणी चांगलं टिपतो हं," असं त्याची थोरली बहीण म्हणाली. हे माझं पहिलं कौतुक. मुलगी त्यांना बाबा आणि आत्या म्हणू लागली, म्हणून मीही तेच म्हणतो.

मुलगी वाढत गेली आणि माझी पायरी उतरत गेली. अंगावरून पायांवर, पायांवरून फरशीवर. पोतेरं व्हायची वेळ आली होती, तेवढ्यात घरात दोन गिनीपिग आले आणि माझं नशीब उघडलं. मुलगी मला मांडीवर अंथरून त्यांना घेऊन बसू लागली.

दोघे भाऊ होते. तपकिरी होता त्याचं नाव भोपू. फ्रिजचं दार उघडलं की तो अशी शीळ घालायचा की आत्या म्हणायची, "आले, वसुलीवाले आले." मग गाजराचा नाहीतर काकडीचा तुकडा दिल्याशिवाय सुटका नसे. दुसरा पांढरा, ढब्बू. तो कधीच शीळ घालत नसे. भोपू ओरडायचा आणि हा आयतं खायचा.

गिनीपिगांचे डोळे मोठे आणि बाहेर आलेले असतात, आणि त्यांचं तोंड सदा गवतात. एक दिवस भोपूच्या डोळ्यात वाळल्या गवताची काडी गेली. डोळा लाल झाला, पाणी वाहू लागलं.

बाबांचं कामाचं टेबल पुढच्या खोलीत खिडकीपाशी आहे. केसाहून बारीक स्प्रिंग बसवणारा माणूस तो, त्याचा हात कधी थरथरत नसे. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, भोपूला माझ्यात गुंडाळलं आणि चिमट्याने काडी अलगद ओढून काढली. मुलगी जवळ वाकून बघत होती. तेव्हा आत्या म्हणाली, "माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे थेंब उरलेत. मला कसा झटकन गुण आला होता. घाल त्याला."

"घालू या," बाबा म्हणाले. "डोळा तो डोळाच."

लाली खरंच उतरली. घर खूश झालं. पण भोपूचं अंग माझ्याइतकं कुणी जवळून धरलेलं नव्हतं. तो हलका होत चालला होता. फ्रिज उघडला तरी त्याची शीळ येईना.

शेवटी त्याला जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी खोलीत अंधार केला, डोळ्यात पिवळं औषध सोडलं आणि निळा दिवा धरला. जिथे जखम असते तिथे ते औषध हिरवं चमकतं. भोपूचा सगळा डोळा हिरवा पेटला होता. औषधाचा ओघळ माझ्या कोपऱ्यावर आला, तोच हा मोठा डाग.

"घरी काय घातलंत?" त्यांनी विचारलं. बाबांनी खिशातून बाटली काढून दाखवली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "हे थेंब लाली उतरवतात," त्या म्हणाल्या, "पण बुबुळावर जखम असेल तर ती भरू देत नाहीत. वरून बरं दिसतं आणि आत वाढत जातं. आणि यानं खाणं सोडलंय. या जिवांना उपास सोसत नाही."

भोपू तिथेच, माझ्या घडीत गेला. त्याचं काळीज माझ्या पोटाशी धडधडत होतं, ते थांबलं. मी टॉवेल आहे, मला पाणी टिपता येतं. ते थांबलेलं मला कशानेच टिपता आलं नाही.

मुलीने मला धुऊ दिलं नाही. मला घडी करून कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवलं. मित्रांनो, कप्प्यातला अंधार वाईट असतो. माझ्या आत भोपूच्या अंगाएवढा खळगा राहिला होता आणि तो कधी कधी गरम लागायचा. बाहेर फ्रिजचं दार उघडलं की सगळं घर गप्प व्हायचं. आत्याच्या हातातलं भांडं थांबायचं, मुलीची पेन्सिल थांबायची. सगळे त्या शिळेची वाट बघायचे. ती येत नसे, मग दार लागायचं. त्या क्षणभराच्या शांततेत मला ती शीळ ऐकू यायची. बाकीच्यांनाही येत असणार, नाहीतर ते थांबले कशाला असते?

बाबांना कुणी काही बोललं नाही. आत्या तर थेंबांचं नावच काढेना. रिकामी बाटली बाबांच्या टेबलावर चाकांच्या आणि काट्यांच्या गर्दीत तशीच उभी होती. ते ती फेकतही नव्हते.

मग एका सकाळी कप्पा उघडला. मुलीने मला ओढून बाहेर काढलं. तिची बोटं गार होती. तिने मला मांडीवर पसरलं आणि ढब्बूला घेतलं. त्याचा एक डोळा मिटलेला होता. पापणीला ओल होती.

तिला डॉक्टरबाईंचा रस्ता माहीत होता, पण एकटीने जाणार कशी? बाबांना सांगायला तिची जीभ रेटेना. तिने ढब्बूला पिंजऱ्यात ठेवलं आणि बाजूने वर्तमानपत्र लावलं. आत्याने विचारलं तर म्हणाली, "त्याला उजेडाचा त्रास होतो." दुपार झाली तरी ती पिंजऱ्यापुढून हलली नाही, त्याला पुन्हा मांडीवर घेऊन बसली. ढब्बूने नाक माझ्या त्या कोपऱ्यात खुपसलं होतं, भावाच्या वासात. मला वाटलं, आता माझ्यात दुसरा खळगा पडणार.

बाबा पाणी प्यायला उठले. मला तिच्या मांडीवर पाहिलं आणि जागीच उभे राहिले.

"डोळा ना?" त्यांनी विचारलं.

मुलीने ढब्बूला छातीशी घट्ट धरलं. "बाबा, तुम्ही हात लावू नका."

बाबांनी कपाळावर सरकवलेलं भिंग काढून टेबलावर ठेवलं. मग दोन्ही हात पाठीमागे घेतले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे.

"नाही लावत," ते म्हणाले. "तूच गुंडाळ. मी गाडी काढतो."

पुन्हा तीच खोली, तोच अंधार, तोच निळा दिवा. मी मोठ्या हिरव्या उजेडाची वाट बघत होतो. या वेळी एक बारीक रेघ चमकली, फक्त एक रेघ. नखाएवढा डाग तेव्हाचा.

"घरी काही घातलंत?"

"नाही," बाबा म्हणाले. "हातसुद्धा लावला नाही."

डॉक्टरबाईंनी पापणीखालचा गवताचा कण काढला आणि वेगळे थेंब दिले. टॉवेलात गुंडाळा, बाटली समोरून नको, मागून आणा, टोक डोळ्याला टेकवू नका, आणि खाण्यावर लक्ष ठेवा, असं सगळं समजावलं. गवतातल्या ताठ काड्या वेचून काढायला सांगितलं. आता ते काम आत्या करते. तिला मोतीबिंदूनंतर लख्ख दिसतं, असं ती स्वतःच सांगते, पण हल्ली जरा हळू आवाजात.

मुलगी रोज थेंब घालायची. बाबा दारात उभे राहून बघायचे. ढब्बूच्या डोळ्यावरचं धुकं विरत चाललं होतं. एक दिवस तिने मान वर केली आणि बाटली पुढे धरली. "आज तुम्ही घाला."

बाबा खाली बसले. त्यांचा हात थरथरत होता. पहिला थेंब चुकला आणि माझ्यावर पडला. दुसऱ्या वेळी मुलीने त्यांचं मनगट धरलं, आणि थेंब बरोबर डोळ्यात गेला.

ढब्बू आज दोन्ही डोळ्यांनी बघतो. शीळ अजून घालत नाही. फ्रिज उघडला की घर अजूनही क्षणभर थांबतं, मग कुणीतरी गाजर काढून त्याला देतं.

मित्रांनो, तुमच्या घरातला मुका जीव एक डोळा मिटून बसला, तर घरातल्या औषधांच्या उरलेल्या बाटल्या धुंडाळू नका. आणि भीतीपोटी त्याचं दुखणं लपवूही नका. त्याला जुन्या टॉवेलात गुंडाळा आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे निघा. गुंडाळायला आम्ही तयारच असतो.

मला आता खालच्या कप्प्यात ठेवत नाहीत. बाबांच्या टेबलाशेजारच्या खिळ्यावर मी लटकतो. मला धुतलं, पण ते दोन पिवळे डाग काही गेले नाहीत. बाबांच्या हातून चुकलेल्या त्या थेंबाचा मात्र डाग पडला नाही. तो कुठे पडला होता, ते मला माहीत आहे, आणि जाता-येता बाबा नेमके तिथेच हात पुसतात.