टॅपेटची टकटक

"बाबा, आता तरी ही टकटक सोडा," इंजिनावरचं झाकण उघडत लेक म्हणाली.

"टकटक आहे म्हणून व्हॉल्व्हची तब्येत कळते. तुझ्या त्या बिनआवाजाच्या हायड्रॉलिक टॅपेटमध्ये काय कळणार, कप्पाळ?"

टॅक्सीवाल्या बापाचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या जुन्या सॉलिड कॅमशाफ्टवर भारी जीव. व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटपाशी कागदाएवढी फट ठेवायची, तिच्यामुळेच टकटक व्हायची; ती वाढली की मापाची पट्टी, गेज, घालून पुन्हा जुळवायची, हे त्याने जन्मभर हौसेने केलं होतं. पण आता गॅरेज लेकीचं आणि हट्टही लेकीचा.

"यात फट ऑईलच भरून काढतं. जुळवणं नको, आवाज नको. याच इंजिनाच्या नंतरच्या मॉडेलचा अख्खा सेट मिळालाय, कॅमशाफ्टसकट. गाडी शर्यतीत पळवायची असती तर तुमचा सॉलिडच बरा."

"आणि उतरलो शर्यतीत तर?"

"आईला विचारून उतरा."

बापाने मुकाट्याने किल्ली दिली.

संध्याकाळी नवा सेट बसवलेली गाडी दारात थांबली तरी शेजारच्या कुत्र्याने मानसुद्धा वर केली नाही. बाप कुरकुरतच उतरला आणि पायरीवर थबकला. आत कुणीतरी गात होतं. रेडिओ नव्हे, कारण मध्येच भांडं पडलं आणि "मेलं!" म्हणून तीच ओळ पुन्हा सुरू झाली. त्याची बायको! एवढ्या संसारात त्याने तिचं गुणगुणणंही ऐकलं नव्हतं. त्याला इतका आनंद झाला की तो तिथेच बसकण मारून ऐकत राहिला.

कचरा ठेवायला ती बाहेर आली आणि दचकली. "अगं बाई! कधी आलात?"

"मघाशीच. तू गातेस?"

"पहिल्यापासून." ती लाजली. "कोपऱ्यावर टकटक ऐकू आली की थांबायचे."

"का गं?"

"दिवसभर त्या आवाजाने तुमचे कान किटलेले. म्हटलं, घरी तरी शांतता मिळावी."

त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आपल्या लाडक्या टकटकीने केवढं काय गिळलं होतं!

"आता कान रिकामे आहेत हं," तो कसाबसा म्हणाला. ती कचरा ठेवून लगबगीने आत गेली.

दुसरा दिवस त्याचा धाकधुकीत गेला. आपण ऐकलं हे कळल्यावर ती पुन्हा गाईल का? संध्याकाळी गुपचूप दारापाशी जाऊन उभं राहायचा फार मोह झाला. पण ते चोरून ऐकणं झालं असतं. त्याने कोपऱ्यावर हॉर्न दिला, एकदाच.

दारात येऊन इंजिन बंद केलं. आत सामसूम होती. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

मग कालचीच ओळ आली, कालच्यापेक्षा मोठ्याने.