डाव्या मागच्या चाकाचा अडेल स्क्रू

मी एक स्क्रू बोलतोय. अंगठ्याच्या नखाएवढा, चपट्या डोक्याचा, डोक्यावर फुलीची खाच असलेला. मुक्काम: लाँड्रीच्या जुन्या गाडीचं डावं मागचं चाक. काम: ब्रेकच्या ड्रमला जागेवर धरून ठेवणं.

ऐकायला भारदस्त वाटतं ना? खरं सांगू, मी बिनकामाचा. ड्रमला खरं धरून ठेवतात ते चाकाचे दणकट नट. चाक काढल्यावर ड्रम निसटू नये, एवढ्यापुरता मी. म्हणजे वर्षातून अर्धा तास ड्यूटी आणि बाकी वेळ नुसती खुर्ची अडवणं. असे लोक तुमच्याही ओळखीचे असतील.

कारखान्यात मी हजारोंच्या घोळक्यात जन्मलो. मग आमच्या बाबांच्या गाडीत आलो. बाबा लाँड्रीवाले. इस्पितळाच्या मळक्या चादरी आणायच्या, धुऊन, इस्त्री करून परत पोचवायच्या, हे त्यांचं तीस वर्षांचं काम.

बाबांना एकच व्यसन होतं, आवळण्याचं. काहीही दिसलं की थोडं आणखी आवळायचं. घरातले नळ दोन हातांनी सोडावे लागत. बरणीचं झाकण उघडायला शेजाऱ्यांना हाक जाई. चाक काढलं की मी तर आयताच समोर. दर खेपेला मला एक जास्तीचा पीळ मिळे. एकदा तर त्यांनी हौसेनं ड्रमला चंदेरी रंग दिला, माझ्या खाचेसकट. वर चिखल, पाणी आणि वर्षं. मी आणि ड्रम गंजून एकजीव झालो. मला वाटलं, आपण आता कायम झालो.

मग बाबांची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. थोरली मुलगी म्हणाली, मी चालवते. पण गाडीच्या सरकारी तपासणीत डावा मागचा ब्रेक धरेना. फेरतपासणी शुक्रवारी चार वाजता. त्यातही नापास झाली तर गाडी भंगारात आणि चादरींचं काम बंद, असा निकाल बाबांच्या भावानं, म्हणजे काकांनी, आधीच देऊन टाकला होता. बाबांनी गुपचूप मान डोलावली होती. भांडले असते तर थोरलीला कमी लागलं असतं.

शुक्रवारी सकाळी तिनं गाडी जॅकवर घेतली, खाली ठोकळे लावले, चाक काढलं. ब्रेक ड्रमच्या आत, आणि मी सुटल्याशिवाय ड्रम निघणार नव्हता. काका स्टूल टाकून बसले. ती स्वयंपाकघरातला छोटा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली आणि मला हसू आवरेना. खाचेत रंग, त्यात हा काडीपैलवान. घसरला आणि माझ्या फुलीची एक पाकळी घेऊन गेला.

"तुझ्याहून मोठा आहे तो वयानं," काका म्हणाले. "जरा अहो-जाहो करून बघ."

तिनं सुईनं रंग खरवडला. गंज सोडवायचं तेल टाकलं, तासभर थांबली. थांबणं तिला जमत नाही, ते चकरा मारण्यावरून कळत होतं. मग हत्यारांच्या पेटीतला जाडजूड स्क्रू ड्रायव्हर आणला. तोही घसरला. आता अर्धीच खाच उरली होती. आणखी एकदा घसरला असता तर ड्रिलनं माझं डोकंच उडवावं लागलं असतं, आणि ड्रिल होतं कोणाकडे? दोन वाजले होते.

आत बाबा घडी घातलेल्या चादरींच्या पुन्हा घड्या घालत होते. थोरली दारात जाऊन उभी राहिली.

"बाबा, हा एवढा कोणी आवळला?"

त्यांनी हातातली घडी आणखी एकदा दाबून बसवली. मग बाबा म्हणाले, "मी. वाटायचं, अजून थोडा बसेल."

मी कान टवकारले. आता तीस वर्षांचा हिशेब निघणार, नळ, बरण्या, सगळं. पण ती एवढंच म्हणाली, "मग या, सोडवायलाही तुम्हीच या."

बाबा गुडघ्यांवर बसले. दिसत नव्हतंच, बोटांनीच त्यांनी मला चाचपलं. स्क्रू ड्रायव्हर उरलेल्या खाचेत सरळ धरला आणि म्हणाले, हातोडी मार. थोरलीचा हात हवेतच थांबला, कारण तो घाव चुकला तर बाबांच्या बोटांवर बसणार होता.

"मार गं. बोटं माझी आहेत."

तिनं तीन घाव घातले. माझी मस्ती तिथेच निम्मी उतरली. मग बाबांनी सगळा भार दाबला, तिनं दांड्याला पाना लावला.

"आधी आवळ," बाबा म्हणाले.

काकांनी कपाळाला हात लावला. "अजून?"

"केसभर. गंज तुटू दे. मग उलटा."

तिनं आवळलं. माझ्या आत काहीतरी 'टक्' झालं. मग मी उलटा फिरलो, कुरकुरत, आणि बाहेर पडलो. ड्रम निघाला, तर आत एक स्प्रिंग तुटून ब्रेकमध्ये अडकली होती. थोरलीनं नव्या स्प्रिंगा आणून ठेवल्याच होत्या, दोन्ही बाजूंना बसवल्या. माझ्या जागी नवा स्क्रू आला, आट्यांना ग्रीस लावून. तो बसवायचा मान बाबांचा. बसला. तरी बाबांचं मनगट आणखी एक पीळ द्यायला वळलं.

"बाबा."

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात दिला.

गाडी पास झाली. काका म्हणाले, मला ठाऊकच होतं.

सध्या मी गाडीच्या ॲशट्रेमध्ये पडून आहे, टक्कल पडलेला, बेकार. पण इथून खिडकी दिसते. चाकामागून कधी काही दिसलं नव्हतं. एकच विनवणी आहे. कोणाला कुठे बसवलंत की वर्षातून एकदा सोडवून बघा, मग हवं तर परत बसवा. नाहीतर आम्ही जागेलाच हक्क समजतो आणि तुमचा ब्रेक अडवून बसतो.

आज चादरी घेऊन निघालो आहोत. बाबा शेजारच्या सीटवर आहेत, आणि प्रत्येक वळणावर त्यांचा पाय समोरच्या रिकाम्या पत्र्यावर करकचून ब्रेक दाबतो. पाय दुखेल, थोरली म्हणाली. दुखू दे, तू समोर बघ, असं उत्तर मिळालं.

इस्पितळाच्या फाटकाशी गाडी अलगद थांबली. बाबांनी पाय उचलला तो त्यानंतर.