रणगाड्यातला चौथा

मालोजी आयुष्यात खोटं बोलला तो एकदाच, आणि तेही अर्धंच. गीताबाईला बघायला गेला तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "पलटण कुठली?" मालोजी म्हणाला, "टँकवाली." सासऱ्यांनी विचारलं, "टँकवर काय करता?" मालोजी म्हणाला, "भरतो."

तसं हे खरंच होतं. मालोजी पलटणीच्या लंगरात आचारी होता, आणि रणगाडे सरावाला गेले की मागून ट्रकने जाऊन जवानांचे डबे भरायचा. फक्त काय भरतो हे त्याने सांगितलं नाही आणि सासऱ्यांनी विचारलं नाही. त्यांनी मोकळ्या जागेत आपल्या मनाने तोफगोळे घातले, पोहे संपवले आणि मुलगी दिली.

पुढे वर्षागणिक त्या गोळ्यांचं वजन वाढत गेलं. मालोजी निवृत्त होऊन पोलादपूरकडच्या आपल्या गावी परतला तोवर एकेक गोळा मध्यम बोकडाएवढा झाला होता. कणकेच्या पराती उचलून दुखावलेला त्याचा उजवा खांदा अख्ख्या गावाने गोळ्यांच्या नावावर जमा केला. हळदीकुंकवाला गीताबाई त्या खांद्याबद्दल अशी बोलायची, की जणू तोच तिचा दागिना.

याचा त्रास झाला एकाच माणसाला. धाकट्या मेव्हणीचा, दर्शनाचा नवरा महिपती. तो पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचा. "थोरले जावई देश सांभाळतात," सासरे चारचौघांत म्हणायचे, "आणि धाकटे पाणी." सासरी कोंबडी कापली की सगळा मान मालोजीला मिळे, आणि महिपतीला मिळे कोंबडीची मान. सासरे गेले तरी ही वाटणी बदलली नाही. दोघे एकमेकांना 'साडूभाऊ' म्हणायचे, आणि ते ऐकून दोघी बहिणींना बरं वाटायचं. त्या हाकेत शिवी किती असते हे फक्त त्या दोघांना माहीत होतं.

निवृत्त झाल्यावर महिपतीने महाडच्या घरात, माडीवर, रणगाडा बांधायला घेतला. माडीवर अशासाठी, की महाडात पूर बघितलेला माणूस जीव लावलेली वस्तू खाली ठेवत नाही. रणगाडा प्लॅस्टिकचा, वीतभर लांब, तोफेची नळी वेगळी. जगात इतके रणगाडे असताना त्याने नेमका मालोजीच्या पलटणीतला, टी-बहात्तर, का मागवला हे त्याने कोणाला सांगितलं नाही. आठ महिने तो चिमटा आणि भिंग घेऊन बसला. संचातले नखाएवढे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीतून कापायचे, कडा पॉलिश पेपरने घासायच्या, फवाऱ्याने हिरवा रंग मारायचा, त्यावर वाळूचे पट्टे, आणि मग जिथे खऱ्या गाडीचा रंग बुटांनी उडतो तिथे स्पंजाच्या तुकड्याने उडवायचा. वरचा फिरता घुमट झाकणासारखा उचलता येत होता. आत सगळं होतं. गोळ्यांची गोल चकती, दुर्बिणी, तारा, आणि कागदावरच्या मुंगीएवढी बटणं.

मालोजीच्या गावच्या हायस्कूलला हे कळलं. हेडमास्तरांनी ठरवलं की सव्वीस जानेवारीला महिपतीरावांनी रणगाडा आणावा आणि मालोजीरावांनी तो मुलांना समजावून सांगावा. मालोजी खूश झाला. प्लॅस्टिकच्या खेळण्याशेजारी खरा माणूस उभा राहिला की धाकट्या साडूची जागा सगळ्यांना आपोआप दिसेल, असा त्याचा हिशेब. आधी एकदा बघून ठेवावं म्हणून तो एसटीने महाडला गेला.

महिपतीने घुमट उचलून बाजूला ठेवला. आत जवानांच्या तीन बाहुल्या बसल्या होत्या. मालोजी वाकून बघत राहिला.

"बाकी झकास हाय," तो म्हणाला. "चौथा कधी बसवणार?"

महिपतीने चष्मा खाली ओढला. "कोण चौथा?"

"गोळे भरणारा रे."

महिपतीने ब्रश पाण्यात बुडवला, निथळला, कापडावर पुसला. मग अगदी शांतपणे म्हणाला, "ह्याच्यात गोळा मशीन भरतं, मालोजीराव. माणसाला जागाच नाही. तुम्हाला ठाऊक असेलच."

मालोजीला ठाऊक नव्हतं. सतरा वर्षं रणगाड्यांच्या शेजारी काढूनही तो आत कधी डोकावला नव्हता. ज्यात काही शिजत नाही अशा भांड्यात डोकवायची त्याला सवय नव्हती. लंगरात जवान काही गाडीवार बसत नसत, भूक लागेल तसे बसत, त्यामुळे गाडीमागे किती हा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

"जुन्या गाडीवर चौघं असायची," तो म्हणाला.

"असायची ना. जुनी गाडी तुमच्या पलटणीत कधी होती?"

"तू सिविलियन माणूस. तुला काय करायच्यात चौकश्या?"

"नाही, सहज. शाळेत घुमट उघडाच ठेवणार आहे. मुलांना आतलं दिसायला हवं."

"बंद ठेव. लढाईत कोण टोपण उघडं ठेवतं? शत्रू बघतो."

"शाळेत कुठला शत्रू आलाय?" महिपती म्हणाला, आणि मालोजीकडे बघून हसला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

त्या दिवसापासून मालोजीची झोप गेली. सातवीतली पोरगी आत बोट दाखवून म्हणणार, एक, दोन, तीन. मग तुम्ही कुठे बसायचात? आणि पहिल्या रांगेत गीताबाई नवी साडी नेसून बसलेली. गाव हसलं तर हसलं. पण गीताबाई हसणार नाही. ती घरी येऊन विचारेल, "मग माझ्या बापाला काय सांगितलं होतंत?"

त्याने बायकोकरवी निरोप धाडला, घुमट चिकटव, आत धूळ जाते. महिपतीचा उलट निरोप आला, धूळ पुसायला ब्रश आहे. त्याने दर्शनाला फोन केला. "दर्शना, सांग गो त्याला, पोरं आतलं कायबाय तोडतील." दर्शना म्हणाली, "भावोजी, ते मला माडीवर केरसुणीसुद्धा नेऊ देत नाहीत."

शेवटी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मालोजी न कळवता महाडला गेला. महिपती केस कापायला गेला होता. "बसा भावोजी, चहा टाकते," म्हणून दर्शना आत वळली, आणि मालोजी माडी चढला. किराणावाल्याच्या दारात पट्टीला लटकणारी, क्षणात चिकटणाऱ्या गोंदाची नळी त्याच्या खिशात होती. त्याने घुमटाच्या कडेला ती अख्खी पिळली, घुमट जागेवर ठेवला आणि वरून अंगठ्याने दाबला. रणगाडा चिकटला. अंगठाही चिकटला. खालून दर्शनाने "चहा झाला" म्हणून हाक मारली तेव्हा त्याने दात आवळून अंगठा ओढला. अंगठ्याचं थोडं कातडं भारतीय रणगाड्यावरच राहिलं.

ह्या गोंदाचा एक गुण मालोजीला माहीत नव्हता. सुकताना त्याची वाफ निघते आणि जवळपासच्या रंगावर पांढरी बुरशीसारखी बसते. जिथे बोटाचा ठसा असतो तिथे तर जास्तच. संध्याकाळी महिपतीने भिंग लावलं तेव्हा हिरव्या घुमटावर एका अंगठ्याच्या साऱ्या रेघा पांढऱ्याशुभ्र उमटल्या होत्या. तीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाला त्या रेघा ओळखायला वेळ लागला नाही. पण मग तो ठशाकडे बघत नव्हता. एवढा खटाटोप कशासाठी, ह्या प्रश्नाकडे बघत होता. मग त्याने भिंग ठेवलं आणि दर्शनाला हाक मारून शिरा करायला सांगितला.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला. महिपतीने रणगाडा टेबलावर ठेवला. मालोजी छातीवर दोन पदकं आणि अंगठ्याला चिकटपट्टी लावून खुर्चीत बसला होता. घुमट मिटलेला बघून त्याच्या जिवात जीव आला. पांढरा डाग बघून निम्मा परत गेला.

शाळेतल्या पूजा मॅडमनी विचारलं, "सर, हे वर पांढरं काय आहे?"

"गोळा सुटल्याचा धूर," महिपती म्हणाला.

मॅडमनी मान डोलावली. मालोजीला हे आवडलं नाही. आपली बाजू घेणारा महिपती त्याने कधी पाहिला नव्हता, आणि जे पाहिलं नाही त्याला माणूस भितो.

मागून एका मुलीने हात वर केला. "आत किती माणसं बसतात?"

हेडमास्तरांनी माईक मालोजीकडे दिला. मालोजीने तो हातात घेतला, पण तोंडापर्यंत नेला नाही. तीन म्हणावं तर आपण कुठे? चार म्हणावं तर शेजारी महिपती उभा. गीताबाई पहिल्या रांगेतून कौतुकाने बघत होती.

महिपतीने त्याच्या हातातून माईक अलगद काढून घेतला.

"चार," तो म्हणाला. "तिघं गाडी चालवतात, आणि चौथे आमचे साडूभाऊ. मशीन बंद पडलं की गोळे भरायला खास माणूस लागतो. तोही खांदा दुखावला तरी एका हाताने भरणारा. अशी माणसं देशात फार नाहीत."

टाळ्या झाल्या. गीताबाईने पदराने डोळे टिपले. मालोजीला वाटलं, त्यापेक्षा तीन म्हणाला असता तर बरं झालं असतं.

कार्यक्रम संपल्यावर शाळेच्या मागच्या ओट्यावर दोघे चहा घेऊन उभे राहिले.

"आतलं रंगवायला दोन महिने लागले होते," महिपती म्हणाला. "आता ते कोणी बघणार नाही."

"चुकून झालं रे."

"चुकून गोंदाची नळी खिशात आली. बरं. तुम्ही सतरा वर्षं तिथे काय भरत होतात ते मी विचारत नाही. गीताबाईंनी विचारलं तर मात्र तुमच्या त्या पलटणीतल्या कोणाला तरी फोन लावून देईन."

मालोजी कपाकडे बघत राहिला. "काय पायजे तुला?"

"दुसरा संच मागवलाय. हीच गाडी. दर रविवारी सकाळी माडीवर यायचं. चाकांवरच्या पट्ट्याचे सुटे तुकडे असतात, एकेक घासून गुळगुळीत करायचा असतो. मला त्याचा कंटाळा येतो."

"मी तुझा नोकर हाय काय?"

"नाही, साडूभाऊ आहात," महिपती म्हणाला.

तेव्हापासून दर रविवारी मालोजी सकाळच्या एसटीने महाडला जातो. माडीवर स्टुलावर बसून पॉलिश पेपरने तांदळापेक्षा जरा मोठे तुकडे घासतो. महिपती खुर्चीत बसतो. एकेक तुकडा भिंगाखाली धरतो आणि दहातले सहा परत करतो. "कड राहिली. पुन्हा."

मालोजीने मनातल्या मनात त्याला सावित्री नदीत किती वेळा बुडवला असेल याला गणती नाही. पण तेवढ्यावर भागत नाही. महिपती आता गावोगावी साडूच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतो. परवा दासगावच्या एका लग्नात त्याने मालोजीकडून भर वाळवंटात अख्खी रात्र एकट्याने गोळे भरवले. त्याआधी पाचाडला जेवणाच्या पंगतीत त्याच्या खांद्यावर गोळा फोडला. मालोजीने स्वतः कधी इतकं सांगितलं नव्हतं. गोष्ट जेवढी उंच जाते तेवढा पडण्याचा आवाज मोठा होईल, हे दोघांनाही समजतं, आणि शिडी महिपतीच्या हातात आहे.

"तुम्ही दोघं असे जवळ आलात, बाबा असते तर किती बरं वाटलं असतं त्यांना," चहा ठेवताना दर्शना म्हणाली.

"हां," मालोजी म्हणाला.

"तालुक्याला जाहीर सत्कार करायचं घाटतंय ह्यांचा," महिपती भिंगावरून मान न उचलता म्हणाला. "मीच नाव सुचवलं. वर्तमानपत्रवाले येणार आहेत." मग त्याने एक तुकडा चिमट्याने उचलून मालोजीच्या पुढ्यात टाकला. "आणि हा पुन्हा घासा."

मालोजीने तो उचलला आणि घासायला लागला.