भिंगरीच्या आईचा अंगठा

मी एक जुना अंगठेबुवा आहे. हे नाव मला मुलांनी दिलं. कागदोपत्री मी म्हणजे अंगठ्याचा ठसा ओळखून दार उघडणारं यंत्र. एका पाळणाघराच्या दाराशेजारी भिंतीवर दोन स्क्रूंच्या आधाराने मी लटकलेलो आहे. मित्रांनो, यंत्राला कसला आलाय धक्का, असं तुम्हाला वाटत असेल, तर मागच्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ ऐका. मी अजून तिच्यातून सावरलेलो नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या एका मुलीने माझ्या पोटात तारा जोडल्या, तोंडावर काच बसवली आणि मला मोजून दोन वाक्यं शिकवली. ठसा जुळला तर म्हणायचं, 'या, आत या.' नाही जुळला तर म्हणायचं, 'बोट स्वच्छ करून पुन्हा ठेवा.' जन्मभर एवढंच बोलायचं होतं. मला ते भरपूर वाटलं.

पाळणाघराच्या ताईंनी मला आणलं त्यालाही एक कारण घडलं होतं. एका संध्याकाळी गर्दीत एक काका, टोपी आपल्या बाळासारखीच दिसली म्हणून, भलत्याच बाळाला कडेवर घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले होते. ताईंच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी नियम केला. ज्याचा अंगठा जुळेल त्याच्याच हाती मूल द्यायचं. तीनदा चुकलं की दार बंद, आणि मग वहीत लिहिलेल्या दुसऱ्या माणसाला बोलवायचं.

मी डोळ्यांत तेल घालून काम केलं. "यंत्र आहे, चुकायचा प्रश्नच नाही," असं जुने आईबाप नव्यांना सांगत. ताई रोज सकाळी मऊ फडक्याने माझी काच पुसत. खोटं कशाला बोलू, मी चांगलाच फुगलो होतो.

भिंगरीची आई दोन वर्षं रोज यायची. भिंगरी चार वर्षांची, पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून हे नाव. तिचे बाबा ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस परगावी. आई एका दवाखान्यात ऑपरेशनची हत्यारं धुवायची. दिवसभर गरम पाणी, साबणाचं पाणी, पुन्हा गरम पाणी. घरी गेली की भांडी आणि लेकीचे कपडे वाट बघत असायचे. स्वतःच्या हातांकडे बघायला तिला सवड मिळत नव्हती.

थंडी पडली आणि एके दिवशी तिचा अंगठा जुळेना. मी माझं वाक्य म्हटलं. मागे रांग होती, कुणीतरी मुद्दाम खाकरलं. ती कानापर्यंत लाल झाली. अंगणातल्या नळावर गेली, साबणाने बोट खसाखसा चोळून आली, आणि नशिबाने त्या वेळी ठसा जुळला.

झालं. स्वच्छ केलं की चालतं, असं तिच्या डोक्यात बसलं. मग ती रोज आधी नळावर जायची. पाणी बर्फासारखं असायचं. पुढे तर तिने पर्समध्ये कपडे घासायचा छोटा ब्रशही ठेवला. ताईंना दया आली. दवाखान्यातलं काम, हाताला काहीबाही लागत असेल, म्हणून त्यांनी माझ्या शेजारी स्पिरिटची बाटली ठेवली. ते लावताना भिंगरीची आई ओठ दाताखाली धरायची. काय झालं म्हणून एकानेही विचारलं नाही.

ती जितकी घासत होती तितकी कातडी उलत होती. कातडी उलली की रेषा पुसट, आणि रेषा पुसट झाल्या की मी पुन्हा तेच वाक्य म्हणायचो. तिचा हात मळलेला नव्हताच, मित्रांनो. कोरडा पडून फाटला होता. आणि त्याला आणखी घासायला मीच सांगत होतो, तेही स्पष्ट आणि गोड आवाजात.

त्या दिवशी भिंगरीला दुपारपासून ताप होता. ताईंचा फोन गेला तेव्हा आईची अर्धी हत्यारं धुवायची राहिली होती. ती संपवून धावत आली तोवर अंधारलं होतं, आणि डॉक्टरांचा दवाखाना बंद व्हायला अर्धा तास राहिला होता. तिने अंगठा ठेवला. जुळला नाही. स्पिरिट लावून ठेवला. जुळला नाही. तिसऱ्यांदा तिने सगळा जोर लावून दाबला आणि अंगठ्यावरची भेग उघडली. माझ्या काचेवर रक्त आलं.

आणि मी म्हणालो, 'बोट स्वच्छ करून पुन्हा ठेवा.'

हे मी रक्ताला म्हणालो. मला स्वतःचा आवाज ऐकवेना. आतल्या सगळ्या तारा थिजल्यासारख्या झाल्या, पण नियमाप्रमाणे दार मात्र मी बंद केलं.

दाराच्या काचेपलीकडे ताई भिंगरीला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. "बाबांचा फोन लागत नाहीये," त्या म्हणाल्या.

"ताई, अहो, मीच आहे ना."

"दिसतंय हो मला. पण नियम..."

ताईंची नजर माझ्या तोंडावरच्या रक्ताकडे गेली आणि त्या अर्ध्यातच थांबल्या. गळ्यातली किल्ली काढून त्यांनी दार उघडलं.

"काय बोलत होते मी! दोन वर्षं रोज बघतेय तुम्हाला. त्या डबड्याला कळत नाही, पण मला काय झालं होतं?"

आईने लेकीला घेतलं, तेही मनगटांनी, तळवे बाहेर वळवून. मग कपाळाला गाल लावला.

"अहो, हात लावून बघा ना," ताई म्हणाल्या.

"हात टोचतो तिला. दोन महिने झाले, तोंडावरून हात फिरवला नाही मी."

हे ती अगदी सहज बोलली. तोवर मला वाटत होतं, मी फक्त एक दार अडवतोय.

ताई स्वतः सोबत गेल्या. डॉक्टर भेटले. ताप साधाच निघाला, तीन दिवसांत उतरला. पण आईचे हात बघून डॉक्टर चिडले म्हणे. ब्रश बंद, स्पिरिट बंद. पाणी कोमट, साबण अगदी थोडा. हात चोळून न पुसता टिपून घ्यायचे आणि ओलसर असतानाच जाड मलम लावायचं. कामावर रबरी हातमोजे, आणि त्यांच्या आत सुती.

आता ताई चेहरा बघून दार उघडतात. मी बहुतेक वेळ बंदच असतो, काचेवर धूळ बसते. माझी काही तक्रार नाही. बाटलीच्या जागी मलमाची डबी आली आहे. संध्याकाळी भिंगरी आईला पायरीवर बसवते, बोट न् बोट माखते आणि दरडावते, "हलू नकोस. आता दुसरा हात." ही एवढीच पाच मिनिटं आई दिवसभरात स्वस्थ बसते.

मित्रांनो, मला फक्त अंगठ्याच्या रेषा दिसतात, तुम्हाला अख्खा हात दिसतो. आज घरी गेलात की आईचा हात हातात घ्या, बाबांचा घ्या, जो कुणी तुमच्यासाठी राबतो त्याचा घ्या. उलटा करून तळवा बघा. "काही नाही रे, थंडीचं होतं असं," म्हणून ते हात ओढून घेतील. सोडू नका.