मोजणीच्या दिवशी ओस पडलेलं फाटक

मित्रांनो, मी एक जुने रेल्वे फाटक आहे. साताऱ्याहून सांगलीला जाणाऱ्या लोहमार्गावर, सांगलीच्या अलीकडे, उसाच्या पट्ट्यात मी उभा आहे. स्वभावाने मी संशयी. त्याला इलाज नाही. येणाऱ्या प्रत्येकाला 'थांब' म्हणण्यात ज्याचा जन्म गेला, तो दुसरे काय होणार?

एका कारखान्यात माझे लोखंडी दांडे घडले, त्यांवर लाल-पांढरे पट्टे चढले. माझ्या एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला मळे. हंगामात माझ्यापुढे उसाच्या जोडट्रॉल्यांची रांग लागे. "आपल्या फाटकानं कवा दगा दिला न्हाई," असे लोक म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे. पुढे रंग उडाला, दांडे करकरू लागले आणि ट्रॅक्टरवाले मला शिव्या घालू लागले. असो.

गेल्या फेब्रुवारीत बातमी आली की, रोज ये-जा करणाऱ्यांसाठी सातारा-सांगली अशी दर तासाला गाडी सुटणार. म्हणजे मी दिवसभर बंदच! मग एके सकाळी दोन तरुण आले. त्यांनी टेबल मांडले, छत्री लावली आणि माझ्यातून जाणारे प्रत्येक वाहन कागदावर टिपायला सुरुवात केली. यात काहीतरी काळेबेरे आहे, हे मी तेव्हाच ताडले.

गावाने तर माझ्याही आधी ताडले होते. माजी सरपंच भरतेशअण्णा दूध डेअरीसमोर म्हणाले, "वाहनं मोजत्यात म्हंजी टोल बसवणार. न्हाईतर जमिनी घेणार. ती पोरं तितं हाईत तवर कुणी फाटकाकडं फिरकू नका. वड्यातनं जावा."

गुणमालाकाकूंचा ऊस मळ्यात तोडून पडला होता. "आवं अण्णा, वाळून जाईल की माझा ऊस," त्या म्हणाल्या. पण गावाचा शब्द मोडायचा कसा? त्यांनीही ट्रॉल्या रेल्वे पुलाखालून, ओढ्यातून नेल्या. एक ट्रॉली रुतली आणि अर्धा ऊस चिखलात गेला.

इकडे फाटकवाला कोंडीबा, माण तालुक्यातला निवृत्त फौजी, रिकाम्या रस्त्याकडे बघत बसला होता. आणि मी? खरे सांगतो, मी मनातून खूश होतो. बसा म्हटले पोरांनो, माश्या मारत!

जूनमध्ये त्यांतलाच एक तरुण माझ्या खांबावर नोटीस चिकटवायला आला. गाव गोळा झाले. कोंडीबाने मोठ्याने वाचले. दोन दिवसांत एकूण एकतीस वाहने. एवढ्यासाठी रुळांवरून पूल बांधता येणार नाही. फाटक कायमचे बंद. फक्त माणसांपुरता भुयारी मार्ग. त्यात उसाची ट्रॉली शिरणार नव्हती. ओढ्याला पाणी आले की मळ्यात जायला अकरा किलोमीटरचा वळसा.

गुणमालाकाकू पुढे झाल्या. "लेकरा, पुलासाठी मोजताय हे तवाच का न्हाई सांगितलंस रं?"

तो तरुण गोंधळला. "काकू, दोन दिवस इथंच बसलो होतो. एकानंही विचारलं नाही."

भरतेशअण्णांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "परत मोजा की."

"हरकत घ्यायला तीस दिवस आहेत. अर्ज द्या, मोजू," तो म्हणाला. "पण आता उसाचा हंगाम संपला, अण्णा. आता इथून जाणार काय?"

 काकू माझ्या खांबाला टेकून खाली बसल्या. त्यांचा पलीकडचा मळा तिथून दिसत होता. मला इतकी लाज वाटली की, त्या दिवशी गाडी आली तेव्हा माझा दांडा खाली यायला तयार होईना.

मित्रांनो, मी स्वतःसाठी रंग मागत नाही, तेलही मागत नाही. संशय जरूर घ्या, जग काही फार भोळे नाही. पण संशय आला की दोन पावले पुढे जाऊन विचारा. मी पडलो लोखंडाचा, त्या पोरांना विचारायला मला तोंड नव्हते. गावाला होते.