मात्रेची खोटी साक्ष

कुमुद साठे यांनी वांगी रंगाची पैठणी दोनदा नेसून सोडली आणि तिसऱ्यांदा नेसायला घेतली, तेव्हा दीनानाथरावांनी पलंगावर बसकण मारली. उभे राहून वाट पाहण्यात अर्थ नाही, हे त्यांना तीस वर्षांच्या संसाराच्या अनुभवाने कळले होते.

"अगं, ऑटोवाला खाली उभा आहे. लग्नाला चाललोय की नाचाला?"

"आधी पदर बघा. पायऱ्या चढताना पायात येईल का?"

"कुठल्या पायऱ्या? जिना तर उतरायचाय."

"स्टेजच्या," कुमुदताई म्हणाल्या, आणि निऱ्यांना पिन लावली.

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत, समाजसदनाच्या हॉलमध्ये, त्या सव्वीस वर्षे कथक शिकवीत होत्या. या वर्गातून पुष्कळ मुली आल्या आणि गेल्या. वडिलांची बदली झाली की मुलीच्या पायांतला तत्कारही बंद होई. राहिली ती एकटी अलकनंदा. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातली ही मुलगी सातव्या वर्षी आली आणि एकविसाव्या वर्षी गेली. गेली ती लग्न होऊन नव्हे, तर गुरुग्रामला, लतिका मेहरा नावाच्या बाईंच्या समकालीन नृत्याच्या मंडळीत. लग्न होऊन गेली असती तर कुमुदताईंनी अक्षता टाकल्या असत्या, डोळे पुसले असते आणि सावरल्या असत्या. पण शिष्या दुसऱ्या गुरूकडे गेली तर तिला निरोप कसा द्यायचा, याचा विधी कोणी घालून दिलेला नाही. म्हणून तीन वर्षे तो निरोप त्यांच्या घशातच राहिला होता.

परवा अलकनंदाने आपल्या कार्यक्रमाला बोलावणे धाडले : "ताई, नक्की या. पुढच्या रांगेत जागा ठेवलीय." या एका वाक्यावर कुमुदताईंनी मनात सारा बंगला उभा केला. त्यांच्या परंपरेत शिष्येचा कार्यक्रम संपला की ती गुरूला रंगमंचावर बोलावते, सर्वांसमक्ष पाया पडते, आणि दोन शब्द बोलते. पुढची रांग म्हणजे तेच. म्हणून पैठणी, म्हणून मोत्याच्या कुड्या, म्हणून मलाई मंदिराबाहेरून सकाळीच आणवलेला गजरा.

मंडी हाउसच्या त्या लहानशा सभागृहात शिरताक्षणी त्यांना आपली चूक उमगली. लोक सैल, चुरगळलेल्या कपड्यांत आले होते, आणि बहुतेकांचे कपडे काळे होते. पैठणीची सळसळ दहा रांगांपर्यंत ऐकू गेली.

"हे सगळे संक्रांतीला निघाल्यासारखे काळे घालून का आलेत?" दीनानाथराव कुजबुजले.

"हळू बोला."

"मी हळूच बोलतोय. साडी मोठ्याने बोलतेय."

छापील पत्रकात रचना लतिका मेहरा, संकल्पना लतिका मेहरा, मार्गदर्शन लतिका मेहरा. अलकनंदाच्या परिचयाला तीन ओळी होत्या आणि त्या तीन वर्षांपूर्वीपासून सुरू होत होत्या. जणू ती मुलगी एकविसाव्या वर्षीच जन्मली होती. कुमुदताईंनी पत्रकाची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली.

लतिका मेहरा चार खुर्च्या सोडून बसली होती. आखूड केस, विटक्या खादीचा कुडता, पायांत कोल्हापुरी. ती देखणी असती तर बरे झाले असते. देखण्या माणसाचा हेवा करायला निदान काही आधार सापडतो. पण ही बाई साधी होती, आणि अलकनंदा दिव्याच्या झोतात आली तेव्हा तिने श्वास रोखून धरला. तो रोखलेला श्वास कुमुदताईंना सर्वांत झोंबला. तो त्यांचा हक्क होता.

अलकनंदाच्या अंगात करडा बनियन आणि तसलीच विजार होती. पायांत घुंगरू नव्हते. संगीतही नव्हते. बारा मिनिटे त्या मुलीने नुसत्या शांततेत पडावे, उठावे, भिंतीशी जावे, वळावे. कुमुदताई आधी तिच्याकडे पाहतच नव्हत्या. त्या लतिकाकडे पाहत होत्या. मग केव्हातरी पैठणीखाली त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा हलू लागला. पडणे नवव्या मात्रेवर, उठणे तेराव्यावर, वळून थांबणे समेवर. पुन्हा सोळा, पुन्हा सम. ती शांतता तीनतालात होती! सभागृहातल्या दोनशे माणसांत हे फक्त दोघींना ठाऊक होते, आणि लतिका मेहरा त्या दोघींतली नव्हती. प्रत्येक सम अशी पडली की कुठे केसाइतकेही अंतर राहिले नाही.

इथे एखादी उदार बाई सुखावली असती. कुमुदताई सुखावल्या खऱ्या, पण अर्ध्या मिनिटापुरत्याच.

नृत्य संपले. रंगमंचावर कोणालाच बोलावले नाही. अलकनंदा घाम पुसत तिथेच मांडी घालून बसली आणि प्रेक्षकांना प्रश्न विचारण्याची विनंती झाली. या मंडळींचा शेवट असाच असतो म्हणे. चष्मा लावलेल्या एका तरुणीने विचारले की ही रचना करताना सर्वांत कठीण काय गेले.

"जुनं विसरणं," अलकनंदा हिंदीत म्हणाली. "पहिली दोन वर्षं मी फक्त विसरत होते. लतिकादींनी फार धीर धरला."

लोकांनी लतिकासाठी टाळ्या वाजवल्या. दीनानाथरावांनी बायकोच्या मनगटावर हात ठेवला, पण तोवर ती उभी राहिली होती.

"एक प्रश्न," कुमुदताई म्हणाल्या, आणि त्यांच्या हिंदीला वर्गातली धार आली. "सगळं विसरलीस, तर मोजत काय होतीस?"

अलकनंदा लाल झाली. मग हसली. "पकडलंत, ताई. तीनताल. अजून तुमच्याच आवाजात मोजते." ती लोकांकडे वळली. "या माझ्या ताई. चौदा वर्षं यांच्याकडे शिकले."

लतिका मेहराने चमकून मान वळवली. त्या शांततेत तीनताल मोजला जात होता हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिच्या चेहऱ्यावर जे उमटले ते कुमुदताईंनी तत्काळ ओळखले, कारण तीन वर्षे ते त्यांनी आरशात पाहिले होते. इथे बसल्या असत्या तर जिंकल्या असत्या. पण इतक्या दिवसांची भूक एका घासाने भागत नाही.

"मग तिसऱ्या आवर्तनात एक मात्रा खाल्लीस," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे असतीस तर खाल्ली नसतीस."

लोक हसले. अलकनंदाचे हसू विझले. मात्रा कुठेही चुकली नव्हती; पण तिथे दुसरा साक्षीदार नव्हता, आणि जो होता त्याने खोटी साक्ष दिली होती.

बाहेर व्हरांड्यात दीनानाथराव म्हणाले, "चलो. झालं ना समाधान?" त्या उत्तर देण्याआधीच अलकनंदा अनवाणी धावत आली. पाया पडायचे तिला सुचलेही नाही.

"ताई, कुठे? भिंतीपाशी की पडताना? तुम्ही हाताने ताल धरा, मी करून दाखवते."

आणि तिथेच, तिकिटाच्या खिडकीशेजारी, तिने तिसरे आवर्तन पुन्हा सुरू केले. कुमुदताईंना ताल धरावाच लागला. धा धिं धिं धा. तळवा तळव्यावर पडत गेला आणि मुलगी समेवर येऊन उभी राहिली.

"कुठे गेली मात्रा?"

खोटे सांगायला कितीतरी जागा होत्या. दहावी म्हणावी, बारावी म्हणावी. ही मुलगी त्यावर वर्षभर घासत बसली असती. तिच्या डोळ्यांत रागाचा लवलेश नव्हता, नुसती शिकण्याची घाई होती, सातव्या वर्षी होती तशीच.

"कुठेच नाही," कुमुदताई म्हणाल्या. "चुकली नाहीस तू."

"मग?"

"पत्रकात त्या बाईचं नाव तीनदा आहे."

अलकनंदा अगदी हळू म्हणाली, "माझी एक मात्रा गेली असं त्या आत बसलेल्या लोकांना वाटतंय, ताई. लतिकादींनाही. ते मला खोडता येणार नाही. तुम्हीच जाऊन सांगा."

"आत्ता?"

"लोक अजून आहेत."

तीसेक माणसे उरली होती. कुमुदताई आत गेल्या, आणि साडीच्या आवाजाने लोकांनी आपोआप वाट दिली. लतिका मेहरा कोणाशी तरी बोलत होती, ती थांबली.

"लड़की की मात्रा नहीं छूटी थी," कुमुदताई सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाल्या. "एक भी नहीं. मैंने झूठ कहा."

"क्यों?" लतिकाने विचारले. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच कळून घ्यायचे होते.

मराठीत विचारले असते तर कुमुदताईंनी परंपरा, शिस्त, गुरूचा अधिकार असे चार भारदस्त शब्द पुढे केले असते. हिंदीत त्यांना एकच आठवला.

"जलन," त्या म्हणाल्या.